डीएनएचा अहवाल आणि सांभाळणारा बाप

मूल कोणाचे, हा वाद न्यायालयात गेला की त्याचे उत्तर प्रयोगशाळेतूनच येणार, अशी बहुतेकांची समजूत असते. आपला कायदा मात्र आधी विवाहाकडे पाहतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ११२, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ११६ म्हणून लागू आहे, असे सांगते की वैध विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलेले नसताना २८० दिवसांच्या आत जन्मलेले मूल हे त्या पतीचेच औरस मूल होय. गर्भधारणेच्या काळात पती-पत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते हे सिद्ध झाले, तरच हे गृहीतक ढळते. हे कलम लिहिले गेले तेव्हा डीएनए चाचणी नव्हती, म्हणून ते आता काढून टाकावे, असे म्हणणारे माझ्या ओळखीतही आहेत. मला ते पटत नाही.

न पटण्याचे कारण मूल हे आहे. पुण्यातील एका दांपत्याच्या घटस्फोटाच्या दाव्यात पतीने मुलाची डीएनए चाचणी मागितली, कौटुंबिक न्यायालयाने ती मान्य केली आणि उच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. परंतु फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पत्नीचा व्यभिचार सिद्ध करायचा असेल तर त्यासाठी अन्य पुरावा आणावा, त्या भांडणात मुलाला साधन करू नये, अशी ती भूमिका होती. अशी चाचणी सरसकट देता येणार नाही, हे न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितले होते. याच्या उलट बाजूला २०१४ चा निकाल आहे. त्यात पोटगीच्या वादात न्यायालयाच्याच आदेशाने झालेल्या चाचणीतून पती हा पिता नसल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा विज्ञानाचा पुरावा गृहीतकापेक्षा वरचढ मानला गेला आणि पुढील पोटगीतून त्याची सुटका झाली. त्या पुरुषाच्या दृष्टीने हा न्याय होता, हे मी नाकारत नाही. मात्र त्या निकालानंतर ती मुलगी कोणाची मुलगी म्हणून वाढली असेल, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

या दोन्ही टोकांच्या मध्ये एक माणूस राहून जातो, आणि मला लिहायचे आहे ते त्याच्याविषयी. नाशिकजवळच्या सातपूरच्या एका कारखान्यात काम करणारे माझे एक स्नेही पत्नीच्या पहिल्या विवाहातील मुलाला तो बोलायलाही लागला नव्हता तेव्हापासून वाढवत आहेत. शाळेची फी, तापातली जागरणे, पालकसभा, सगळे त्यांच्याकडे आहे, आणि मुलगा त्यांनाच पप्पा म्हणतो. त्यांच्या बाजूने ना रक्त आहे, ना कलम ११६. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ चे स्पष्टीकरण तर उघड सांगते की तेथील ‘पिता’ या शब्दात सावत्र पिता येत नाही. उद्या पत्नीचे काही बरेवाईट झाले, तर वर्षानुवर्षे फिरकलेला नसला तरी जन्मदाता नैसर्गिक पालक म्हणून पुढे येऊ शकतो, आणि या स्नेह्यांना १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयात अर्ज करून आपणच मुलाच्या हिताचे आहोत हे पटवून द्यावे लागेल. तेथे मुलाचे कल्याण पाहिले जाते आणि समज आलेल्या मुलाचे मतही विचारात घेता येते, हा मोठा आधार आहे. पण तो अर्जदाराचा आधार आहे, बापाचा नव्हे.

आपल्या नाशिकच्या रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत, म्हणजे वंशावळीच्या वह्यांत, घराण्याने सांगितलेली नावे लिहिली जातात आणि दत्तक आलेल्या मुलालाही तेथे त्याच घराचा वंशज म्हणून जागा मिळते. रक्ताचा दाखला कोणी मागत नाही. कायद्यातही दत्तकविधान हाच पक्का मार्ग आहे, कारण दत्तक घेतल्याच्या दिवसापासून मूल सर्व बाबतींत त्या पित्याचे होते. सप्टेंबर २०२२ पासून बाल न्याय अधिनियमाखालील दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तरीही सावत्र पित्याला जन्मदात्या पित्याची संमती लागतेच, आणि मुलाच्या ताब्याचा वाद न्यायालयात चालू असेल तर तो मिटेपर्यंत थांबावे लागते. माझ्या स्नेह्यांचे काम नेमके या संमतीपाशी अडले आहे. दुसऱ्या गावी असलेला तो गृहस्थ नाही म्हणत नाही आणि सहीही करत नाही. ज्याने मुलाची विचारपूससुद्धा केलेली नाही त्याच्या मौनाला कायद्याने एवढे वजन द्यावे, हे मला अन्यायाचे वाटते. ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास सक्षम अधिकाऱ्याने मुलाचे हित पाहून पुढे जावे, अशी तरतूद व्हायला हवी.

तोवर निदान वारसाहक्काचा प्रश्न सोडवता येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यात सावत्र मुलगा हा सावत्र पित्याचा पहिल्या वर्गातील वारस नाही, त्यामुळे त्याच्या नावे काही ठेवायचे असेल तर मृत्युपत्रच करावे लागते. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, फक्त करणाऱ्याची स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि त्यासाठी कोणत्याही जन्मदात्याची संमती लागत नाही.