एकच पेशंट, दोन अर्ज

नर्सिंग गौरवाच्या निवड समितीसमोर त्या दुपारी दोन अर्ज आले. ते एकाच पेशंटबद्दल आहेत, हे आम्हा सगळ्यांचे गुण देऊन झाल्यावर कळलं.

आधी आमची पद्धत सांगते. आलेला अर्ज पुन्हा टाइप होतो. त्यातलं नाव, वॉर्ड, हुद्दा निघतो आणि उरतो फक्त क्रमांक. नुसतं नाव खोडून भागत नाही. ‘डायलिसिस’ एवढा एक शब्द राहिला तरी माणूस ओळखू येतो, आणि ‘आल्या’ की ‘आले’ यावरून सिस्टर की ब्रदर हेही समजतं. मग प्रत्येक सदस्य एकट्याने वाचून तीन गोष्टींना पाचपैकी गुण देतो: नेमकं काय केलं, पेशंटला त्याचा काय फायदा झाला, आणि निर्णय कितपत स्वतःच्या बुद्धीने घेतला. गुण लिहून झाल्याशिवाय चर्चा नाही. आधी चर्चा झाली की सगळ्यात वरिष्ठ माणसाचं मत बाकीच्यांच्या कागदावर उतरतं.

नावं झाकायची ही रीत नर्सेसना दिल्या जाणाऱ्या, अमेरिकेत सुरू झालेल्या डेझी पुरस्कारातही आहे. आयटीपी हा प्लेटलेट्स कमी होण्याचा आजार. १९९९ मध्ये त्यातून झालेल्या गुंतागुंतीने पॅट्रिक बार्न्स हा ३३ वर्षांचा तरुण गेला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसचे आभार मानावेत म्हणून घरच्यांनी तो पुरस्कार सुरू केला. पेशंट, नातेवाईक, सहकारी, कुणीही त्यासाठी नाव सुचवू शकतं.

पहिला अर्ज पेशंटच्या मुलीचा होता, पानभर. आईचं आतड्याचं ऑपरेशन झालेलं. दिवसपाळीच्या सिस्टर रोज आईचे केस विंचरून द्यायच्या, धीर द्यायच्या, हाक मारली की लगेच यायच्या. पत्रात मध्येच एक वाक्य होतं: “पाचव्या दिवशी आई नीट खात नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. सिस्टर म्हणाल्या, आज या रोजच्यासारख्या वाटत नाहीत, रात्रीच्या सिस्टरना सांगून जाते.” आम्ही सगळे त्या वाक्यावरून पुढे निघून गेलो. गुण बरे पडले, फार नाहीत.

दुसरा अर्ज नाइट ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरचा, सहा ओळींचा. ऑपरेशननंतरची पाचवी रात्र, दोन वाजता श्वास मिनिटाला २४, नाडी १०४, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९५. ताप, रक्तदाब, शुद्ध ठीक. तब्येत ढासळते आहे का हे ओळखायला आम्ही न्यूज-२ हा तक्ता वापरतो; त्यात गुण जितके जास्त तितका धोका जास्त. त्यात याचे चार गुण होतात. पाच गुण झाले की डॉक्टरला तातडीने बोलवायचं आणि निरीक्षण दर तासाला घ्यायचं. चार असतील तर चार-सहा तासांनी पुन्हा पाहिलेलं चालतं. या सिस्टरने तासाभरातच पुन्हा पाहिलं. श्वास २६, नाडी ११२, सॅच्युरेशन ९४. झाले सहा. तिने फोनवर आकडे सांगितले, आधीचे कोणते आणि आताचे कोणते तेही, आणि “सर, तुम्ही येऊन बघा” असं स्पष्ट म्हटलं. तपासणीत आतड्याच्या जोडाला गळती निघाली. पहाटे पेशंट पुन्हा थिएटरमध्ये गेली आणि पुढे बरी होऊन घरी गेली.

यावर एका सदस्याचं म्हणणं पडलं, “श्वास मोजणं तर तिचं कामच आहे. त्यात गौरव कसला?” हा प्रश्न प्रत्येक समितीत येतो, म्हणून त्यावर थांबते. नाडी, सॅच्युरेशन, रक्तदाब मशिन देतं. साध्या वॉर्डात श्वास मात्र डोळ्यांनीच मोजावा लागतो, आणि तोही पूर्ण मिनिटभर, कारण पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. एका नर्सवर खूप पेशंट असले की पहिला बळी याच मिनिटाचा जातो. कुठल्याही वॉर्डाचे जुने चार्ट काढून बघा: १८, २०, १८, २०, खालपर्यंत तेच. आणि तब्येत ढासळायला लागली की अनेकदा सगळ्यात आधी बदलतो तो हाच आकडा. जे काम नेमाने गळतं ते कुणी नेमाने करत असेल, तर ते दिसलंच पाहिजे.

त्या पेशंटने मात्र या सिस्टरचं नाव कधीच सुचवलं नसतं. रात्री दोन वाजता छातीकडे बघत उभं असलेलं माणूस तिला आठवणारच नव्हतं. टळलेल्या संकटाचं आभारपत्र येत नाही. आयसीयूतला ट्यूबवरचा पेशंट, भूल दिलेला पेशंट, नाइट ड्युटी, या सगळ्या ठिकाणची नर्स नावं सुचवायच्या पेटीतल्या चिठ्ठ्यांमध्ये कमीच सापडते. पेटी डिस्चार्ज काउंटरजवळ असेल तर आणखी कमी.

नावं उघडली तेव्हा दोन्ही अर्जांवर एकच वॉर्ड, एकच तारीख. वॉर्डाचं ओव्हरचं, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवायचं, रजिस्टर मागवलं. संध्याकाळच्या नोंदीत दिवसपाळीच्या सिस्टरने लिहिलं होतं: “खाणं कमी, गप्प आहेत, लक्ष ठेवणे.” रात्रीच्या सिस्टरने मिनिटभर थांबून मोजलं ते या एका ओळीमुळे. मग आम्ही पहिला अर्ज पुन्हा वाचला. केस विंचरताना ती रोज पेशंटच्या चेहऱ्याजवळ होती, म्हणून तिला फरक कळला. हे मुलीने लिहिलेलं होतंच.

एकीला देऊन दुसरीला वगळणं आता शक्य नव्हतं, गौरव दोघींना मिळाला. फॉर्मही त्याच बैठकीत बदलला. ‘नर्सबद्दल काय सांगाल?’ असं विचारलं की ‘प्रेमळ, हसतमुख’ अशी उत्तरं येतात. आता प्रश्न आहेत: काय घडलं, नर्सने नेमकं काय केलं, या कामात आणखी कोण होतं. शिवाय गुणवत्ता विभागाने दर महिन्याला नर्सने डॉक्टरला वेळीच केलेल्या कॉलच्या नोंदी चाळून समितीकडे नावं पाठवायची.

कार्यक्रम १२ मेसाठी, म्हणजे परिचारिका दिनासाठी, राखून ठेवला नाही, सभागृहातही घेतला नाही. सकाळी अकराला, औषधांच्या आणि राउंडच्या वेळी, सभागृहात कोण येणार? ज्याचा सत्कार तोच नाइट करून झोपलेला असतो. आम्ही रात्रीच्या ओव्हरला वॉर्डातच गेलो, दोन्ही पाळ्या हजर असताना. शेजारच्या वॉर्डाच्या दोन सिस्टर दहा मिनिटं बेल सांभाळायला उभ्या केल्या. पेशंटचं नाव न घेता दोन्ही अर्ज पूर्ण वाचले, श्वासाच्या आकड्यांसकट. फोटो दोघींना विचारून काढला. प्रती दोघींच्या सेवा-फाइलला लावल्या, कारण बढतीच्या मुलाखतीत फुलं दाखवता येत नाहीत.

तुम्हाला काय हवं, असं शेवटी विचारलं. रात्रीच्या सिस्टरने सांगितलं, खिडकीकडच्या सहा खाटांवरून सेकंदकाटा दिसेल असं घड्याळ हवं, तिथलं बंद आहे. दुसरीने रात्रीला तिसरी नर्स मागितली. घड्याळ लागलं. तिसऱ्या नर्सचा प्रस्ताव, ते दोन्ही अर्ज जोडून, मी व्यवस्थापनाकडे पाठवला आहे आणि दर बैठकीत विचारते आहे.