रुमाल टाकलेली मेमरी

परवा दुपारी भाचा माझ्या नव्या लॅपटॉपची कुंडली बघत बसला होता. दुकानदारानं आठ जीबी रॅम आहे म्हणून गळ्यात मारलेला. स्क्रीनवर आकडा होता ८.०० जीबी, आणि शेजारी कंसात बारीक अक्षरात, वापरण्याजोगी ५.९२.

"दोन जीबी कुठं गेलं रे?"

"मामा, ते ग्राफिक्सनं धरलंय की. आधीच."

त्या 'आधीच'नं मला थेट गारगोटीच्या गाडीत नेऊन बसवलं.

मे महिन्याची सुट्टी, कोल्हापूरचा स्टँड. गाडी फलाटाला लागतीय न लागतीय तोवर लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, एकदा तर एकानं चप्पलसुद्धा टाकलेली. आमच्या तात्यांचा रुमाल म्हणजे मी. ज्या खिडकीचा गज वाकलेला, ती त्यांना लांबून दिसायची. त्यातून मला आत सोडायचे आणि मी तिघांच्या बाकड्यावर आडवा. तापलेलं रेक्झिन गालाला चिकटायचं.

"ए पोरा, सरक की."

"हितं माणसं हाईत."

"कुठं हाईत?"

"येणार हाईत."

मशीन सुरू होताना बायोस, म्हणजे सगळ्यांच्या आधी जागा होणारा मशीनमधला प्रोग्रॅम, हेच करतो. विंडोज नाहीतर लिनक्स दारातनं आत यायच्या आधी रॅमचा एक तुकडा ग्राफिक्ससाठी, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या भागासाठी, धरून ठेवायचा, आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात यादी द्यायची, की एवढी जागा तुमची, एवढी राखीव. जुन्या बायोसमधल्या या यादीचं नाव ई८२०, एसटीच्या गाडीचा नंबर वाटावा असं. इंटेलच्या ग्राफिक्सवाल्यांत या तुकड्याला सरळ 'स्टोलन मेमरी' म्हणतात. चोरलेली! रुमाल टाकणाऱ्याला इतकं स्पष्ट बोललेलं मी स्टँडवरही ऐकलेलं नाही.

काही बायोस तर जागा धरतात आणि यादीत लिहायचंच विसरतात. मग तिथं दुसरं कुणीतरी बसणार आणि पडद्यावर गोंधळ होणार. म्हणून लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, उठल्या उठल्या स्वतःच चिपला विचारून घेतं आणि ती जागा राखीव म्हणून मांडतं. जुना कंडक्टर असाच असायचा. रुमाल दिसो न दिसो, कुठल्या बाकावर कोण बसतं हे त्याला पाठ.

माझी तक्रार वेगळीच आहे. १९२० बाय १०८० चा पडदा, एका ठिपक्याला चार बाइट, म्हणजे एक अख्खं चित्र आठ एमबीत मावतं. त्याच्यासाठी दोन जीबी? गेम खेळणाऱ्यांना लागत असेल. मी पत्ते खेळतो, तेही खरे. एका माणसासाठी आख्ख्या गाडीवर सतरंजी टाकल्यासारखं झालं हे. तात्यांनीसुद्धा तीन सीटच्या वर कधी हाव धरली नाही. तिसऱ्यावर म्हातारं माणूस दिसलं की मला मांडीवर घ्यायचे.

भाच्यानं बायोसमध्ये शिरून यूएमए फ्रेम बफर, म्हणजे ग्राफिक्ससाठी धरलेल्या जागेच्या, समोरचा आकडा ५१२ एमबीवर आणला. लॅपटॉप परत चालू केला, तर वापरण्याजोगी सात जीबीच्या वर. मला उगीचच खिडकीजवळची जागा मिळाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी बघितलं, तर त्या मोकळ्या जागेत ब्राउझर येऊन पाय पसरून बसला होता. त्याला सरक म्हणायची सोय नाही.