शिखर तीनवर हवं

परिषदेचं पोस्टर अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात छपाईला टाकून आले आणि शेवटचा आलेख सहज म्हणून मॅडमना दाखवला. दुपारचे चार, बाहेर धो धो पाऊस.

काम म्हटलं तर सरळ होतं. न फिरणाऱ्या कृष्णविवरावर विद्युतचुंबकीय तरंगांचा झोत सोडायचा आणि परत काय येतं ते संगणकावर बघायचं. गुरुत्वीय लहरींसाठी भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरांनी 1970 मध्येच हे करून दाखवलंय. झोत कसाही असो, शेवटी विवर आपल्याच सुरात थरथरतं आणि गप्प होतं. तेही लगेच. देवळातल्या घंटेसारखं घुमत नाही, मडक्यावर टिचकी मारल्यासारखं. प्रकाशाच्या सगळ्यात साध्या कंपनात एका आवर्तनात उंची दहाव्या हिश्शावर येते.

माझी वारंवारता आली होती 0.2929, विवराच्या वस्तुमानाच्या एककात. मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"विभवाचं शिखर कुठे येतंय गं?"

विवराभोवती तरंगांना अडवणारा चढ असतो, त्याचा माथा. मी तिथेच काढून पाहिला. केंद्रापासून 2.89, अंतरही विवराच्या वस्तुमानाच्याच एककात.

"प्रकाशाचा तीनवर हवा. बरोब्बर तीनवर."

खरंच की! प्रकाश विवराभोवती गोल फिरू शकतो ती जागा हीच. दहा सूर्यांएवढ्या विवरासाठी केंद्रापासून साधारण 44 किलोमीटर, म्हणजे पुण्याहून निघालं तर लोणावळ्याच्या अलीकडेच.

विभवाच्या, म्हणजे त्या चढाच्या, सूत्रात एक पद (1−s²) ने गुणलेलं असतं; s म्हणजे तरंग कोणत्या प्रकारचा ते सांगणारा आकडा, त्याचा स्पिन. प्रकाशासाठी s एक, म्हणून ते पद गळून पडतं. मी प्रोग्रॅम उचलला होता अदिश क्षेत्राच्या, म्हणजे दिशा नसलेल्या सगळ्यात साध्या क्षेत्राच्या, जुन्या सरावातून; तिथे s शून्य असतो, आणि तो शून्यच राहिला होता. दोन महिने ज्याला प्रकाश म्हणत होते तो प्रकाश नव्हताच. चाचण्या सगळ्या पास. चुकीचं समीकरण मी अगदी अचूक सोडवत होते.

शून्याचा एक केला. 0.2483. दहा सूर्यांच्या विवरासाठी सुमारे 800 हर्ट्झ. (खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना मेगाहर्ट्झमध्ये ऐकतात; आणि इतक्या कमी वारंवारतेची रेडिओ लहर ताऱ्यांमधल्या विरळ प्लाझ्मातून पुढे येतच नाही.)

मग दुकानात फोन.

"दादा, ते पोस्टर थांबवा."

"ताई, लॅमिनेशनला गेलं की."

रात्री नवा आलेख साध्या कागदावर छापून जुन्यावर चिकटवला. पावसाळी दमट हवेत त्याचा एक कोपरा परिषदेत सारखा सुटत होता. मी अंगठ्याने दाबून धरत लोकांना समजावत उभी होते.