पेटी मिटलेली की कुलूपबंद?

जर्मन भाषेत दोन शब्द सख्ख्या भावांसारखे दिसतात. गेश्लोसेन म्हणजे नुसतं मिटलेलं. फेरश्लोसेन म्हणजे कुलूप लावलेलं. दार लोटून घेतलं तर पहिला शब्द, कडी-कुलूप केलं तर दुसरा. रोजच्या बोलण्यात या दोघांत गल्लत झाली तर कुणी मनावर घेत नाही. पण रायफलची पेटी घेऊन नेमबाजीच्या रेंजकडे निघालेल्या माणसाचं सगळं भवितव्य या एका उपसर्गावर टांगलेलं असतं.

मी म्युनिकला असतो, त्यामुळे कोल्हापुरातून नेमबाजांचा एक प्रश्न ठरलेला असतो: तिकडं जर्मनीत घरून रेंजवर हत्यार न्यायला परवानगी कोण देतं, पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी लागते का, कागद किती दिवस चालतो? उत्तर ऐकून विश्वास बसत नाही. जर्मनीत रेंजवर जायला वेगळा कागदच नाही. ना अर्ज, ना शिक्का, ना वेळापत्रक. शस्त्र कायद्याचं कलम १२, उपकलम ३ एवढंच म्हणतं, की हत्यार लगेच झाडता येईल अशा स्थितीत नको, लगेच हाताशी येईल असं नको, आणि ज्या कारणासाठी ते तुमच्या नावावर आहे त्याच कारणासाठी ते हलवलं जात असलं पाहिजे. तिन्ही अटी पाळल्या तर म्युनिकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुशाल जा. एक जरी चुकली, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही परवान्याशिवाय हत्यार घेऊन रस्त्यावर फिरत आहात. त्याला दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हत्यार सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल असेल, म्हणजे २५ मीटर पिस्तूल प्रकारवाल्यांचं नेहमीचं .२२ (इंचातली नळीची जाडी), तर सहा महिने ते पाच वर्षं. विनापरवाना वागवणाऱ्याला जे कलम, तेच परवाना असून निष्काळजी राहिलेल्याला.

म्हणून आधी कुलूप. ‘हाताशी’ म्हणजे काय, हे कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे: हत्यार तत्काळ नेम धरण्याच्या स्थितीत आणता येत असेल तर ते हाताशी आहे, आणि कुलूपबंद पेटीत असेल तर नाही. कुलूप असलं की वाद संपतो. नसलं, तर हात तिथवर पोचतच नव्हता हे तुम्हाला रस्त्याच्या कडेला उभं राहून पटवून द्यावं लागतं, तेही परक्या भाषेत. पाच युरोचं कुलूप त्यापेक्षा फार स्वस्त.

कुलपातही चुका होतातच. रायफलच्या प्लॅस्टिकच्या पेटीला कारखान्यातून येणारे खटके म्हणजे कुलूप नव्हे. खटका लावला की पेटी मिटते, कुलूपबंद होत नाही. पेटीच्या कडेला दोन किंवा चार भोकं असतात ती याचसाठी. एकाच भोकात कुलूप अडकवलं तर दुसऱ्या टोकाचं झाकण उचलून फट पाडता येते, आणि छोटं पिस्तूल त्या फटीतून सरकतं. म्हणून दोन्ही टोकांना कुलूप हवं. कापडी बॅग असेल तर चेनचे दोन्ही लोलक एकाच कुलपात घ्या. पण बॅगेला बाजूचा खिसा असतो, त्याची चेन वेगळी असते, आणि बोल्ट (गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग) किंवा मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) नेमकं तिथं ठेवलं जातं. आकड्यांचं कुलूप घेतलं तर चारही चाकं फिरवा. घाईत एकच चाक एका घराने सरकवायची सवय लागते, आणि असं कुलूप कुणीही दोन मिनिटांत उघडतं. किल्ली खिशात ठेवलेली चालते. ती पेटीलाच दोरीने बांधून ठेवू नका. हॅचबॅक गाडीची डिकी आतल्या बाजूने मोकळी असते, त्यामुळे ‘डिकीत होती’ हे उत्तर कुलपाची जागा घेत नाही.

‘झाडता येईल अशा स्थितीत’ याचीही व्याख्या पक्की आहे. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागी, गोळी असेल, किंवा हत्यारात बसवलेल्या मॅगझिनमध्ये असेल, तर हत्यार भरलेलं धरतात, कॉक केलेलं नसलं तरी. .२२ रायफलचा बोल्ट काढून वेगळा ठेवणं सगळ्यात बरं, कारण बघणाऱ्यालाही एका नजरेत समजतं. चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने बघा, करंगळीने चाचपा आणि मगच नळीतून भगव्या रंगाचा सेफ्टीचा दोरा आरपार घाला. दोरा दोन्ही टोकांना बाहेर दिसला म्हणजे मधे काही अडकलेलं नाही. ही खबरदारी .२२ ला जास्त लागते, कारण या काडतुसाचं स्फोटक कडेच्या वळीत पसरलेलं असतं आणि ते कुठे कमी पडलं तर गोळी फुसकी निघते. अशा वेळी बोल्ट लगेच ओढायचा नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं. सराव संपता संपता अशी एखादी गोळी चेंबरमध्ये राहते आणि माणूस गप्पा मारत रायफल पेटीत घालतो. अपघात असेच होतात. गोळ्या वेगळ्या डब्यात ठेवायची पद्धत सगळ्या क्लबांत आहे, तीच पाळा.

कागद दोनच, पण दोन्ही अस्सल. एक ओळखीचा पुरावा आणि दुसरं शस्त्र बाळगण्याचं कार्ड. त्याला इथे सगळे व्हे-बे-का म्हणतात. कलम ३८ प्रमाणे दोन्ही अंगावर हवेत. आपल्या लोकांची चूक इथे होते. जर्मन माणूस खिशातलं राष्ट्रीय ओळखपत्र दाखवतो. आपल्याकडे ते नसतं, आणि राहण्याच्या परवान्याचं प्लॅस्टिक कार्ड म्हणजे पासपोर्ट नव्हे. तेव्हा रेंजच्या दिवशी भारतीय पासपोर्ट सोबत. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. कागद घरी विसरणं हा गुन्हा नाही, नियमभंग आहे. पण नियमभंगाच्या दंडाची कमाल मर्यादा १०,००० युरो आहे. निघण्याआधी हत्यारावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर एकदा जुळवून बघावा. एकाच कपाटात दोन सारख्या रायफली असतील तर अदलाबदल सहज होते.

सोबत्याचं हत्यार न्यायचं असेल तर? तुमच्याकडे स्वतःचं कार्ड असेल तर जास्तीत जास्त एक महिन्यासाठी उसनं घेता येतं. चिठ्ठी मात्र लागते. त्यावर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि दिलेली तारीख. साध्या कागदावर चालतं. ज्याच्याकडे कार्डच नाही, मग तो नवरा असो, भाऊ असो की जिवाभावाचा मित्र, त्याच्या हाती ‘जरा रेंजवर पोचव’ म्हणून पेटी द्यायची नाही.

तिसरी अट कारणाची. रेंज, स्पर्धा, दुरुस्तीसाठी बंदूकवाल्याचं दुकान, विकत घेऊन घरी आणणं हे सगळं कारणात बसतं. वाटेत पेट्रोल भरणंही बसतं. गाडीत पेटी ठेवून तासभर जेवायला बसणं मात्र टाळावं, कारण वाटेतही हत्यारावर योग्य लक्ष ठेवण्याची जबाबदारी तुमची असते. आणि सार्वजनिक उत्सवात हत्यार घेऊन जायला कलम ४२ ची सरळ मनाई आहे. इथले मराठी लोक हॉल घेऊन गणपती बसवतात. रेंजवरून परस्पर आरतीला जायचा बेत असेल तर पेटी आधी घरी.

लोकांना वाटतं, वेगळी परवानगी नाही म्हणजे सगळं मोकळं. तसं नाही. परवानगी आधीच, फार महाग मोलाने कमवलेली असते. बारा महिने क्लबमध्ये परवान्याच्या हत्यारांनी, अर्थात क्लबच्या, सराव करायचा, तोही दर महिन्याला एकदा किंवा वर्षात १८ वेळा, आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद. मग ज्ञानाची परीक्षा. मग संघटनेचा दाखला, की हे हत्यार या प्रकारासाठी खरोखर लागतं. २५ वर्षांखालच्यांना बहुतेक हत्यारांसाठी मानसिक योग्यतेचं प्रमाणपत्रही लागतं, .२२ मात्र त्यातून सुटतं. निदान दर तीन वर्षांनी तुमची विश्वासार्हता तपासतात, दर पाच वर्षांनी गरज तपासतात. शिवाय आपल्यासारख्यांसाठी एक वाक्य कलम ४ मध्ये आहे. पाच वर्षं या देशात वास्तव्य झालेलं नसेल तर अर्ज नाकारता येतो. नाकारतीलच असं नाही, पण दोन वर्षांच्या कंत्राटावर येणाऱ्याने भरवसा ठेवू नये. तोवर क्लबचं हत्यार, आणि रेंजवर तिथेच झाडण्यासाठी विकत घेतलेल्या गोळ्या. त्याला कार्ड लागत नाही.

आता आपल्याकडचं. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम हे काही ढिले नाहीत. जिल्हाधिकारी कार्यालयाची फाइल, पोलिसांचा अहवाल, परवान्यावर लिहिलेलं क्षेत्र, पाच वर्षांनी नूतनीकरण. ज्याने या सगळ्यातून स्वतःचं .२२ मिळवलं त्याच्या चिकाटीला मी मनापासून मान देतो. त्यातही निवडणूक आली की हत्यारं जमा करण्याचा हुकूम निघतो आणि खेळाडूला सूट मिळवण्यासाठी पुन्हा कागद फिरवावे लागतात. इथे तो त्रास नाही, हे मान्यच करायला हवं. पण ‘कागदांमुळे आपले पोरं मागे पडतात’ हे वाक्य मला पटत नाही. म्युनिकच्या उत्तरेला होखब्र्यूक इथे १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेली रेंज आहे. तिथेच २०१० मध्ये तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, विश्वविजेती झाली, भारताची पहिली महिला नेमबाज विश्वविजेती. म्युनिकच्याच विश्वचषकात २०१९ ला राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं. आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य आणलं. तिघेही आपल्याच कागदांतून वाट काढत तिथवर गेले. इथल्या क्लबातल्या लोकांसमोर कोल्हापूर म्हटलं की ही तीन नावं पुढे करता येतात.

एका बाबतीत मात्र इथला नियम आपल्यापेक्षा कडक आहे, आणि मला तो आवडतो. आपल्याकडे .१७७ बोअरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना नाही. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर जाणारी शाळकरी पोरं पाठीला पेटी लावून दुचाकीवर मागे बसतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. इथेही साडेसात ज्यूलपर्यंतच्या, पंचकोनात एफ अक्षर कोरलेल्या एअर रायफलला कार्ड लागत नाही. पण रस्त्यावर तिला नियम .२२ चेच: रिकामी, कुलूपबंद, कारणापुरती. आणि वय १८ पूर्ण. मूल १२ व्या वर्षापासून देखरेखीखाली रेंजवर एअर रायफल झाडू शकतं, १४ व्या वर्षापासून .२२, पण पेटी घेऊन एकटं बसने जाऊ शकत नाही. पालकांना सोबत जावंच लागतं. पालकांचे शनिवार त्यात जातात, तरी मला हे योग्य वाटतं. पोराचा खेळ घरच्यांच्या डोळ्यांसमोर राहतो.

भारतातून इथे स्पर्धेला येणाऱ्यांसाठी थोडक्यात. हत्यार सोबत आणायला निघण्याआधीच जर्मन परवानगी हातात हवी, ती स्पर्धेच्या निमंत्रणावर मिळते. उतरल्यावर कस्टमच्या लाल मार्गिकेतूनच जायचं. विमानात गोळ्या माणशी पाच किलोपर्यंत, सामानाच्या बॅगेत, कंपनीला आधी कळवून. एअर रायफलचा हवेचा सिलिंडर रिकामा करून आणि काढून ठेवा, आणि त्यावरची मुदत बघा. दहा वर्षांपेक्षा जुना सिलिंडर स्पर्धेत तपासणीला पास होत नाही.

घरी परतल्यावरही पेटी दाराशी टेकवून ठेवायची नाही. २०१७ पासून हत्यारांसाठी नवीन घेतलेलं कपाट तिजोरीच्या मजबुतीच्या मापात किमान ‘शून्य’ दर्जाचं असावं लागतं. २०० किलोच्या आतल्या अशा कपाटात रायफली कितीही, छोटी हत्यारं पाचापर्यंत, आणि गोळ्याही त्यातच ठेवता येतात. तपासणीला अधिकारी न सांगता येऊ शकतात. अडचण किल्लीची. २०२३ मध्ये मुन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं, की कपाटाची किल्ली कपाटाइतक्याच मजबूत जागी असली पाहिजे. म्हणजे किल्लीसाठी दुसरं कपाट, आणि त्याच्या किल्लीसाठी तिसरं. निकाल वेगळ्या राज्यातला असला तरी नवीन कपाट घेणाऱ्याने आकड्यांच्या कुलपाचंच घ्यावं. जुनं किल्लीवालं असेल तर किल्लीसाठी त्याच दर्जाची, आकड्यांनी उघडणारी छोटी तिजोरी भिंतीला बोल्टने जखडून घ्या. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायचं तर घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या.