खरड छाटणीच पुरे

रविवार, २२ फेब्रुवारी

ख्रिसमस कॅक्टसचं शेवटचं फूल गळलं तेव्हापासून हात शिवशिवत होते. आज मुहूर्त लागला. कुंडी एका अंगाला कलली होती, फांद्या लोंबून खालच्या तुळशीवर टेकल्या होत्या आणि मधोमध टक्कल. बुंध्याजवळची पेरं तपकिरी, खडबडीत झाली आहेत. तो रोग नव्हे, झाड जून झालं की खालच्या पेरांवर साल धरतेच.

नेमके दिंडोरीहून मामा द्राक्षांचं क्रेट घेऊन आले. ऐन काढणीच्या दिवसांत ते नाशकात फार टेकत नाहीत, पण छाटणी म्हटल्यावर चहा बाजूला ठेवून बाल्कनीत आले आणि पिशवीतून सिकेटर काढलं. मी म्हटलं, "मामा, थांबा, याला कात्री लागत नाही."

खालचं पेर डाव्या चिमटीत घट्ट धरायचं, वरचं उजव्या हातात, आणि सांध्यावर हलका पीळ द्यायचा. सांधा अलगद सुटतो. मागे राहते ती जखम तुरीच्या डाळीएवढी, ओलसर, दिवसाभरात सुकते. तिथून पुढे बहुतेक वेळा एकाऐवजी दोन पेरं फुटतात. झाड डेरेदार होतं ते यामुळेच. मात्र एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त काढत नाही मी. जून झालेल्या दोन फांद्यांना तेवढं सिकेटर लागलं. मामा खूश.

"आणि गोडी छाटणी? ऑक्टोबरात?"

द्राक्षवाल्याचा प्रश्न रास्त होता. त्यांच्याकडे काढणी संपल्यावरच्या, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीतल्या डोळ्यांत घड तयार होतो आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीने तो बाहेर येतो. कॅक्टसचं तसं नाही. त्याची कळी फांदीच्या अगदी टोकाच्या पेरावर धरते. ऑक्टोबरात टोकं खुडली तर डिसेंबरात बघायला हिरवी पेरंच उरतील. मामा हसले, "म्हणजे पेस्टचा खर्च वाचला." गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला लावतात, ती पेस्ट.

ऑक्टोबरात याला हवा असतो अंधार. रात्री बारा-तेरा तास दिवा डोळ्यासमोर नको, असे सहाएक आठवडे. म्हणून दसऱ्यानंतर कुंडी हॉलच्या ट्यूबलाइटपासून हलवून मागच्या बाल्कनीत जाते. कळी धरायला थंडावाही लागतो, ते काम नाशिक फुकट करतं. याचं मूळ घर ब्राझीलच्या किनाऱ्यालगतचे डोंगर. तिथे हे झाडांच्या खोडांवर, सावलीत, दमट हवेत वाढतं आणि फुलतं मे महिन्याच्या सुमारास, कारण तिकडे दिवस तेव्हा लहान होत जातात. वाळवंटाशी याचा संबंध नाही. तरी लोक 'कॅक्टस आहे' म्हणून पश्चिमेच्या उन्हात ठेवतात आणि पेरं लाल पडली की खत घालतात!

निघालेल्या तुकड्यांतले तीन-तीन पेरांचे वेगळे काढलेत. दोन दिवस सावलीत वर्तमानपत्रावर पडू देणार, मग कोकोपीट आणि जाड वाळूत, खालचं पेर निम्मं बुडेल एवढे खोचणार. एकाच कुंडीत पाच-सहा, नाहीतर वर्षानुवर्षं ती केविलवाणी दिसते. ब्रह्मकमळाचं पान लावून ज्यांनी झाड वाढवलंय त्यांना हे सांगायला नको. तिथेही पान म्हणतो ते खरं तर खोडच. उन्हाळा तापायच्या आत मुळं धरली पाहिजेत, आणि तोवर पाणी बेतानंच.

आकाराचं म्हणाल तर नर्सरीतला गोल चेंडू मला आवडत नाही. उजवीकडच्या दोन लांब फांद्या मुद्दाम ठेवल्या. मामांना ते अजिबात पटलं नाही. "ओळ एकसारखी पाहिजे," म्हणाले, आणि माझी पाठ वळताच त्यातली एक पिळून काढली. पीळ मात्र अचूक सांध्यावर दिला होता. ती काडी मामींसाठी म्हणून पिशवीत गेली.