डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी

मुलींच्या माध्यमिक शाळेत मी आठवड्यातून एकदा आरोग्याचा तास घेते. कुणाचा पोर्शन राहिला की सगळ्यात आधी हाच तास मागतात आणि आधी मी देऊनही टाकायचे. आता नाही देत.

वर्गात एक खोका ठेवलाय, मुली त्यात चिठ्ठ्या टाकतात, नाव लिहायचं नाही. एकदा एक चिठ्ठी निघाली, अक्षर इतकं वाकडंतिकडं की ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलंय हे कळतच होतं. 'रात्री दोन पॅड लावले तरी चादर खराब होते, सगळ्यांचंच असं असतं का?'

पुढच्या तासाला मी मोजायचा कप आणि लाल पाणी घेऊन गेले. विचारलं, एका पाळीत एकूण किती रक्त जात असेल? कुणी म्हणाली अर्धा लिटर, कुणी एक लिटर. मग 30-40 मिली ओतून दाखवलं, म्हणजे जेमतेम दोन-तीन मोठे चमचे, आणि वर्ग एकदम गप्प. 80 मिलीच्या वर गेलं तर ते जास्त. आता घरी कोण मोजत बसणार, म्हणून फळ्यावर खुणा लिहिल्या: दर तासा-दोन तासाला पॅड भिजतंय, एकावर भागत नाही, अडीच सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडतात, सात दिवसांच्या वर चालतं. यातलं काहीही असेल तर डॉक्टरकडे जायचं आणि जाताना रोज किती पॅड लागले ते लिहून न्यायचं.

तास संपल्यावर एक मुलगी फळा पुसायला थांबली. सगळा पुसला, त्या खुणा सोडून. मग त्या वहीत उतरवल्या आणि मगच पुसल्या. चिठ्ठी तिची होती का, मी विचारलं नाही.

महिन्याभराने तिनेच येऊन सांगितलं, मॅडम, हिमोग्लोबिन 9 निघालं. या वयात 12 तरी हवं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, रक्त नीट गोठतं का तेही तपासायला सांगितलं, कारण पहिल्या पाळीपासूनच एवढं जात असेल तर ते बघावं लागतं. जिना चढताना तिला धाप लागायची आणि घरात सगळे तिला आळशी म्हणायचे. दोन वर्षं! मला ते ऐकून रडू आलं, खरंच.

तीच गोष्ट दुखण्याची. थोडं दुखणं चालतं, पण दर महिन्याला शाळा बुडत असेल तर 'बायकांना सहन करावंच लागतं' म्हणून गप्प बसवायचं नाही.

खोक्यात नुसती पाळीच नसते हं. 'मैत्रीण म्हणते विश्वास असेल तर फोनचा पासवर्ड दे' अशाही चिठ्ठ्या येतात. मग आम्ही 'नाही, मी देणार नाही' हे जोडीजोडीने मोठ्याने म्हणून बघतो. पहिल्या फेरीत जवळपास प्रत्येकीने पुढे 'सॉरी' लावलं, आणि ते काढायला अख्खा तास गेला. गेला तर गेला.

या आठवड्याची चिठ्ठी आहे, आईला न सांगता डॉक्टरकडे जाता येतं का. शाळेच्या नर्सशी बोलून उत्तर द्यायचंय, आणि आईला का सांगता येत नाही हेही हळूच काढायचंय, त्यामुळे हा तास मला पूर्ण हवाय.