म्युनिक ते बर्लिन: विमानाने की रेल्वेने?

महाराष्ट्रातून युरोप पाहायला येणारी मंडळी म्युनिकला आमच्याकडे उतरली, की पुढचा मुक्काम हमखास बर्लिनचा असतो आणि बहुतेकांनी विमानाचे तिकीट आधीच हेरून ठेवलेले असते. विमान सव्वा तासाच्या आत पोहोचवते, रेल्वेला चार तास लागतात, तेव्हा विमानच बरे, असा त्यांचा हिशेब असतो. मला तो पटत नाही.

दोन्ही शहरांच्या मध्यभागांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे 500 किलोमीटर आहे, विमानतळांमधले मात्र 460 च्या आसपासच भरते. कारण म्युनिकचा विमानतळ शहराच्या ईशान्येला जवळपास 30 किलोमीटरवर आहे, आणि 2020 मध्ये सुरू झालेला बर्लिनचा विमानतळ शहराच्या दक्षिण वेशीबाहेर. विमानाची ही जी वाट वाचते, ती आपल्याला दोन्हीकडे लोकलने कापावी लागते. म्युनिकच्या मारियनप्लाट्झ चौकातून एस-बान या लोकलने विमानतळ गाठायला पाऊण तास, सामान आणि सुरक्षा तपासणीसाठी दीड तास, उड्डाणाचे एक तास दहा मिनिटे, बर्लिनला उतरून बॅग घेऊन शहरात शिरेपर्यंत आणखी तासभर, अशी बेरीज केली तर साडेचार तास सहज होतात.

रेल्वेचे चित्र डिसेंबर 2017 मध्ये पालटले. त्याआधी या प्रवासाला सहा तासांच्या आसपास लागत. वाटेतल्या थ्युरिंगिया प्रांताच्या डोंगरांतून एरफुर्ट शहरापर्यंत नवा मार्ग झाला आणि सर्वांत जलद गाडी चार तासांत पोहोचू लागली. सुमारे 107 किलोमीटरच्या या टप्प्यात 22 बोगदे आणि 29 मोठे पूल आहेत. डब्यातल्या पडद्यावर वेगाचा आकडा 300 पर्यंत चढतो, बाहेर अंधार, क्षणभर हिरवी दरी, पुन्हा अंधार असे चालू राहते, आणि लहान मुलेच काय, मोठी माणसेही खिडकी सोडत नाहीत. बर्लिनला गाडी मुख्य स्थानकाच्या तळमजल्याखालच्या फलाटावर थांबते. सरकत्या जिन्यांनी वर येऊन बाहेर पडले, की संसद चालत गाठता येते.

जर्मन गाड्या उशिरा धावतात ही तक्रार मात्र खरी आहे, म्हणून त्याच दिवशी पुढचे महत्त्वाचे काम ठेवू नये. तासभर उशीर झाल्यास युरोपीय नियमांनुसार भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तास झाल्यास निम्मे भाडे परत मागता येते. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटात जागेचे आरक्षण सहसा धरलेले नसते, ते वेगळे करावे; ज्येष्ठ नागरिक सोबत असतील तर नक्कीच.

विमान मी एकाच वेळी सुचवते: मुंबईहून म्युनिकला उतरून शहरात न शिरता थेट बर्लिनला जायचे असेल तेव्हा. शेंगेन क्षेत्रातला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतला, प्रवेश म्युनिकलाच होत असल्याने पासपोर्ट तपासणीची रांग तिथेच लागते, त्यामुळे दोन विमानांमध्ये किमान दोन-अडीच तासांचे अंतर ठेवावे आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत.